हळद लावलेली सालं

आमी दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे कोलंबी सोलणं. मी सोलत होतो, बायको माझ्या सोलण्याला नावं ठेवत होती. सालं मात्र टाकायची नव्हती. वरच्या मजल्यावरची पोरगी कॉलेजात केमिस्ट्री शिकते, तिला हवी होती. सालांची म्हणे पावडर होते, ती कारखान्याच्या घाण पाण्यातला रंग धरून ठेवते. बायकोनं कबूल केलं, "वाळवून देते गं." आणि कोलंबीचे सोडे वाळवायच्या सवयीनं बाईनं सालांनाही मीठ-हळद चोळली, गच्चीवर पसरली. दुसऱ्या दिवशी दुपारी बसल्या जागी गेली.

तेरावं झालं न सोसायटीचा सेक्रेटरी आला. वाटलं, भेटायला आलाय. म्हणतो, "काका, गच्चीवर वास सुटलाय."

"तेरा दिवस कळ काढलीस, आजचा दिवस काढ," म्हटलं आणि सालं गोळा करून पोरीला दिली.

पिशवी उघडून तिनं कपाळाला हात लावला. "आजोबा, हळद? रंग काढायच्या पावडरीतच रंग! ही नाही चालणार. टाकून देऊ?"

"तुझ्या आजीच्या हातची हायेत. टाकलीस तर जिन्यात आडवा पडेन."

घाबरली बिचारी. गॅलरीत बादलीभर कास्टिक सोड्याच्या पाण्यात सालं बुडवली, आणि थोड्या वेळानं किंचाळली. सगळं लाल! पोरगी रडकुंडीला आलेली, न मला हसू आवरेना. बायको गेल्यापासून पहिल्यांदा हसलो.

"अगं, हळदीला चुना लागला की कुंकू होतं. कॉलेजात हे शिकवत नाय?"

मग धुणं सुरू. पाणी साफ करायच्या नादात आमीच बादल्यांवर बादल्या पाणी नासवलं. पण सालं पांढरी पडली. पुढं कॉलेजात नेऊन, तापवून, पावडर करून तिनं त्यांचा स्वभावच बदलला. माझा बदलायला बायकोला चाळीस वर्षं पुरली नव्हती.

एका संध्याकाळी पोरगी बरणीत निळं पाणी घेऊन आली. चिमूटभर पावडर टाकून ढवळलं. आमचा चहा होईतो निळा गाळ तळाला, वर पाणी नितळ. मी बरणी हातातून सोडेना.

"कारखान्याच्या पाण्याला एवढी पुरंल का गं?"

"कुठली, आजोबा! पोतंभर सालं लागतील."

दुसऱ्या दिवशी सकाळीच पिशवी घेऊन पनवेलच्या मच्छी मार्केटात गेलो. नेहमीची कोळीण म्हणाली, "बाबा, आज बाय नाय आली?"

"गेली ती. सालं दे. नुसती सालं."

तिनं सालांनी पिशवी भरली, वर मूठभर कोलंबी टाकली.

"ती काढ," मी म्हटलं. "मला रांधता येत नाय."