पंकजानं परत आणलेलं राज्य

गुढीपाडव्याच्या तोंडावर पंकजा राणीसावरगावच्या शाळेत परत आली. पाचवीच्या वर्गात तिचा बाक तसाच होता, पण खेळातली जागा गेली होती.

दिवाळी झाली की आईबाप ऊस तोडायला कर्नाटकात जायचे, तीही जायची, अन् येताना हातावर पाचटाचे ओरखडे आणि तोंडात कानडी शब्द घेऊन यायची. पाण्याला चुकून "नीरु" म्हणाली की अख्खा वर्ग खिदळायचा. त्याचं तिला काही वाटायचं नाही, तीच आधी हसायची.

पण लपाछपीत राजनंदिनीनं सांगून टाकलं, "पंकी लिंबूटिंबू!"

लिंबूटिंबू म्हणजे बारकं लेकरू. खेळ म्हणायचं, पण धरायचं नाही. त्याच्यावर राज्य येत नाही, डोळे झाकून मोजायची, हुडकायची पाळीच नाही. बालवाडीतल्या पोरांना करतात तसं, अन् पंकजा तर वर्गात सगळ्यात उंच!

तरी ती पाण्याच्या टाकीमागं लपली. श्वास दाबून, इतकी भारी लपली की विचारू नका. सगळे सापडले, दुसरा डाव झाला, तिसरा झाला, तिला कुणी हुडकलंच नाही. घंटा झाली तेव्हा आपली आपणच बाहेर आली.

"खेळलीस का गं?" आईनं, वच्छलाबाईनं, घरी विचारलं.

"हं," म्हणाली, अन् भाकरी तशीच ठेवून उठली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिनं राजनंदिनीला गाठलंच. "नंदे, मी कामून लिंबूटिंबू?"

राजनंदिनीच्या घरचा ऊस होता, तिला कुठं जावं लागायचं नाही. ती फणकारली, "तू पळतीस म्हणून! दिवाळीला तुझ्यावर राज्य आलतं. मोजता मोजता टॅक्टरमधी बसलीस अन् गेलीस. राज्य घेऊन पळालीस तू!"

"आईनं वढून नेलं मला."

"अन् मी? दिवेलागणीपस्तोर कडब्याच्या गंजीमागं बसलते एकटी. कोणीच आलं न्हाई हुडकायला."

पंकजाला कालची टाकी आठवली.

"मग राज्य अजून माझ्यावरच हाय की," ती म्हणाली.

"काय?"

"पळाले तर पळाले, परत आणलंय ना! लपा, मोजते."

कुणी हो-नाही म्हणायच्या आत ती लिंबाच्या झाडाला कपाळ टेकवून सुरू, "ओंदु, यरडु, मूरु, नाल्कु..."

कानडीतच मोजायलीय हे तिच्या ध्यानातच नाही! पोरं लपल्या जागी फिसफिसायला लागली. टाकीमागून सिद्धोधन ओरडला, "यरडु का एरंडु गं?"

"सिद्ध्या, सापडलास!"

तेवढ्यात पाठीत धप्पकन बसला. "धप्पा! परत तुझ्यावर राज्य!"

राजनंदिनी होती मागं. दुसरं कुणी असतं तर रडीचा डाव म्हणून भांडलं असतं. पंकजा पाठ चोळत हसत होती, अन् डोळ्यांतून पाणी. लिंबूटिंबूला कोण धप्पा देतंय?

"ह्या बारीला मला हुडकल्याबिगर जायचं न्हाई," राजनंदिनी म्हणाली.

"न्हाई जात."

"धाला काय म्हणतेत गं तिकडं?"

"हत्तु."

"मग हत्तुपस्तोर मोज. अन् सावकाश मोज, लय लांब लपायचंय मला," म्हणत ती चपला हातात घेऊन पळाली.