मामांची हॅट आणि राहिलेला बॉल

खेळातल्या जुन्या हॅट जमवायचं माझं खूळ तुम्हाला माहीतच आहे. आज कोल्हारला एका आजोबांकडून अंपायरची फेल्ट हॅट मिळाली. बाहत्तरच्या दुष्काळाआधी गावच्या मॅचमध्ये ते बॉलिंग करत होते, त्यांचे मामा अंपायर होते. भर ओव्हरमध्ये मामा कोसळले ते गेलेच.

"घाला बघू," आजोबा म्हणाले. मी हौसेनं घातली.

ते एकटक बघत राहिले. मग बॉलर अंपायरकडे देतो तशी डोक्यावरची पांढरी टोपी काढून त्यांनी माझ्या हातात ठेवली.

"मामा, एक बॉल राह्यलाय."

निघताना मी टोपी परत देऊ लागलो, तर घेईनात. "ओव्हर संपल्याबिगर कशी घेऊ?"

हॅट कपाटात लावली. ही टोपी कुठं ठेवू, सांगा.