परक्याचं सुतक

आमच्या घराण्यात बी.ए. झालेली मी पहिली. हे मी सांगत असते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. विषय तत्त्वज्ञान. 'युद्ध केव्हा न्याय्य ठरते' या भाषणाला यवतमाळात पहिला नंबरही घेतला होता. कारण न्याय्य पाहिजे, बाकी सारे उपाय करून झाले पाहिजेत, निःशस्त्रावर हात उगारायचा नाही. अटी आजही पाठ आहेत.

सीमेवर गोळाबारी सुरू झाली तेव्हा मी फुलसावंगीला मायजवळ होते. माझा धाकटा भाऊ तोफखान्यात आहे. चार दिवस त्याचा फोन बंद. मी लावत राहायची, लागायचा नाही. दारापुढे कोणाची फटफटी थांबली तरी वाटायचं, निरोप आला.

चौथ्या दिवशी सकाळी मायनं देवापुढे दिवा लावला नाही. भाजीही बिनफोडणीची केली.

"कोण गेलं?" मी घाबरून विचारलं.

"माहीत नाही. पण त्याच्या तोफेनं तिकडे कोणीतरी मेलंच असन ना."

"माय, सुतक भाऊबंदाचं असते. परक्याचं नसते."

"आपल्या हातानं मेला, तो परका कसा राह्यला?"

मी अटी काढल्या. तो हुकूम पाळते, निशाणा फौजेवर असते, गावावर नाही. मायनं सगळं ऐकून घेतलं. माझं इतकं शांतपणे कॉलेजातही कोणी ऐकलं नव्हतं.

"मागच्या सुट्टीत त्यानंच सांगतलं," ती म्हणाली. "गोळा कोसानकोस दूर जाते, पडला कुठं ते आमाले दिसत नाही. मंग निशाण्यावर कोण होतं, सांग बरं मले."



तेवढ्यात शेजारची काकू विरजण मागायला आली. बिनदिव्याचं देवघर पाहून तिनं कारण विचारलं, आणि ऐकून दारातच थांबली.

"काहून व, पोरगा तिकडे अन् तू सुतक धरून राह्यली? अवदसा आठवली काय? खुद्द देवानं लढ म्हणलं होतं. त्यात पाप नाही."

"तेव्हा देव रथावर बसून होता," माय म्हणाली. "याच्या तोफेच्या गाडीत कोण बसलं?"

"अन् तिकडचे धरतेत काय आपलं सुतक?"

"धरत असन एखादी. आपल्याले काय माहीत."

काकू विरजण न घेताच गेली. सुतकाच्या घरचं नको म्हणाली.

मी शकुन-अपशकुन मानत नाही. पण जिवंत भावाच्या घरात सुतक, हे मला सहन होईना. कोणीतरी ऐकेल, आणि आपण सुतकच मागितलं असं समजून तेच आणून देईल, असं वाटत होतं. मी काडेपेटी घेऊन देवघरात गेले. दोन काड्या मोडल्या. मायनं माझं मनगट धरलं.

"भेव मलेही वाटते," ती म्हणाली.

तिनं हात सोडला नव्हता तोच फोन वाजला. अनोळखी नंबर. आवाज त्याचाच. "बरा आहे मी. एकच मिनिट आहे." मी फोन स्पीकरवर टाकला. मला रडूच फुटलं.

मायनं जेवलास काय, हेही विचारलं नाही. "बाबू, घरात सुतक धरू काय?"

मी फोन ओढून घेणार होते. लढाईवरच्या माणसाला असं विचारतात? वाटलं, आता तो हसेल, काय व माय म्हणेल.

तिकडे मागं कोणीतरी हिंदीत हाका मारत होतं.

"धर," तो म्हणाला, आणि फोन कटला.

माय खाली बसली. म्हणाली, "दहा दिवस ते मले माहीत आहे. कोणत्या दिवसापासून मोजू, ते विचारायचंच राह्यलं."

मी तोच नंबर पुन्हा लावला. लागला नाही.