गच्चीवरची मिरची आणि माझा फ्लोचार्ट

मी कॉम्प्युटर इंजिनियरिंगला असताना आमच्या अंधेरीच्या बिल्डिंगमध्ये लाल पूर आला.

ऐंशीच्या दशकात कॉम्प्युटर शिकायचा म्हणजे मुख्यतः तो बघायचा नाही. तो एसीच्या खोलीत, आम्ही काचेबाहेर, चपला काढून! वर्षभर शिकलो काय, तर फ्लोचार्ट. बाबा रोज विचारायचे, "आज तरी मशीनला हात लावलास?"

"नाही. आधी कागदावर चौकोन आणि बाण काढायचे. कशानंतर काय करायचं ते. मशीनला अक्कल नसते बाबा, सगळं सांगावं लागतं."

"म्हणजे कॉलेजात जाऊन तू चौकोन काढतोस?"

बाबा सोसायटीचे सेक्रेटरी. मे महिन्यात वॉचमन गावाला गेला आणि पाण्याचा पंप कोणी चालवायचा यावरून रोज भांडणं. बाबा वैतागले आणि त्यांना एकदम माझ्या शिक्षणाची आठवण झाली. (तिथेच घात झाला!)

"काढ तुझे चौकोन. बघून कोणालाही पंप चालवता आला पाहिजे."

मी झकास चार्ट काढला. खालच्या टाकीत पाणी आहे का? नसेल तर थांबा. असेल तर पंप चालू. पुन्हा बघा, पाणी आहे का? बाण इतके सुरेख की बाबांनी स्वतः तो पंपाच्या खोलीत चिकटवला.

पहिली पाळी तळमजल्यावरच्या सावंतकाकांची. मालवणचे, रिटायर्ड, सांगितल्या कामात तसूभर इकडेतिकडे न करणारे. नेमकी त्याच दिवशी वरच्या मजल्यावरच्या फिलूआंटीने गच्चीवर मिरची वाळत घातलेली. तिची एकटीची नव्हे, अख्ख्या बिल्डिंगची! आंटीच्या हातचा मसाला सगळ्यांना हवा असायचा, म्हणून वर्षाची मिरची सगळ्यांनी तिच्याकडेच दिलेली.

एरवी रडतखडत येणारं म्युनिसिपालिटीचं पाणी त्या दिवशी धो धो आलं. दुपारी गच्चीवरून किंकाळी ऐकू आली, "अगो बाय! माझी मिरची पोहते!"

मी वर धावलो. टाकी चारी बाजूंनी वाहत होती आणि मिरच्या रांगेने पन्हाळीकडे निघाल्या होत्या. लालभडक पाणी जिन्यात उतरू लागलं होतं. मी कठड्यावरून ओरडलो, "काका, पंप बंद करा!"

खालून उत्तर आलं, "बंद कसो करू? खालच्या टाकयेत पाणी आसा!"

"अहो, वरची टाकी भरली!"

"ता तुझ्या कागदार खंय लिवलंस?"

खरंच लिहिलं नव्हतं! माझ्या चार्टमध्ये वरची टाकी नावाची वस्तूच नव्हती.

"उभा काय राहिलास? उचल ना रे!" आंटी गरजली. मी दोन्ही हातांनी मिरच्या गोळा करू लागलो. घाम आला, म्हणून डोळे पुसले. (त्याच हातांनी!)

तेवढ्यात जिन्यातून आईचा आवाज, "अहो, धावा! वरून रक्त येतंय!" बाबा पांढरी शुभ्र पँट घालून धावले आणि त्या रक्तात घसरून सपशेल आपटले. मी आंधळ्यासारखा भिंत चाचपत खाली येत होतो, तो थेट त्यांच्यावर.

"कोण मेलं?" बाबा ओरडले.

"कोणी नाही बाबा. टाकी भरली."

"मग डोळे का सुजलेत तुझे?"

शेवटी आईने जाऊन पंपाचं बटण बंद केलं. चार्टकडे तिने बघितलंसुद्धा नाही. सावंतकाका मात्र दुखावले. "वहिनी, अजून पाणी होता," म्हणाले.

रात्री बाबांनी सोसायटीची मीटिंग घेतली. कोणी मला शिव्या दिल्या नाहीत, ते जास्त लागलं. फक्त फिलूआंटी म्हणाली, "नवीन मिरची मी आणते. पण राखायला हाच बसेल. कावळे हाकलायचे, मिरची परतायची. यात बाणबिण काढायचे नाहीत, काय?"

उरलेला मे महिना मी गच्चीवर, डोक्याला पंचा गुंडाळून, हातात काठी घेऊन काढला. वाटेने जाणारं ओळखीचं कोणी वर बघून विचारायचं, "मुलगा काय करतो हो सध्या?"

आई खिडकीतून अभिमानाने सांगायची, "कॉम्प्युटर इंजिनियरिंग!"