टिटवीला पाणी पाजणारे मिस्त्री

देवानंदनं भागवत मिस्त्रींना पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा ते एक चाक बुडवत होते. देवानंद पाचवीत होता. शाळेतून घरी येताना नाल्याच्या पुलावरून त्याला दिसलं, की गुडघाभर पाण्यात उभा राहून एक सडपातळ माणूस बैलबंडीचं चाक खाली दाबतो आहे आणि त्यावर एकेक दगड ठेवतो आहे. चाक देवानंदच्याच घरच्या बंडीचं होतं. वडील माणिकराव काठावर निवांत बसून पाहत होते.

"बाबा, आपलं चाक बुडवून राह्यले ना ते!" देवानंद वरूनच ओरडला.

मिस्त्रींनी मान वर केली नाही. "तहान लागली बे त्याले," ते म्हणाले. "उनानं आटलं लाकूड. दोन दिवस पिऊ दे, मंग पाह्य कसं घट्ट बसते ते."

त्यानंतर चाळीसेक वर्षं गेली. सोनाळा गावातल्या बंड्यांना रबरी टायर आले आणि लाकडी चाकं कुंपणाला टेकून बसली. देवानंद नौदलात भरती झाला, जहाजांवर विजेच्या तारा ओढण्यात बावीस वर्षं घालवली आणि पुढं मुंबईला एका कंपनीत राहिला. नाल्यातलं चाक तो विसरून गेला. गावी परत आला तेव्हा मात्र त्याच्यामागे एका लांब ट्रकवर बावीस फुटांची शिडाची होडी होती.

होडीचं नाव टिटवी. अलिबागकडच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांची ती. आत दोन माणसं झोपतील एवढी खोली, सागवानी फळ्या, आणि होडी कलंडू नये म्हणून तळाशी खाली सोडायचा, वर ओढून घेता येईल असा लोखंडी पंखा. देवानंद सुट्टीच्या दिवशी जाऊन तिची वायरिंग बघायचा, डॉक्टर त्याला शीड धरायला शिकवायचे. पुढं डॉक्टर थकले आणि होडी सात वर्षं ताडपत्रीखाली पडून राहिली. तिकडच्या एका सुतारानं तिला बघून सांगितलं, मोडा आणि फळ्या विका. तेव्हा डॉक्टरांनी देवानंदला बोलावून घेतलं. म्हणाले, "घेऊन जा. पण शोभेला ठेवू नकोस. तिला पाण्यात घाल."

सोनाळ्यात ट्रक थांबल्याबरोबर निम्मं गाव जमलं.

"देवानंदभाऊ, पूर येनार हाये का? आमाले बी बसवा बरं का!"

"अरे, खालच्या गावात इहिरीचं पानी खारंच हाये. समुद्र समजून सोडून दे तिथंच!"

देवानंदची बायको सारिका फाटकाशी उभी होती. ती एवढंच म्हणाली, "मी गाय घ्या म्हटलं होतं."

ताडपत्री काढल्यावर देवानंदचाच धीर खचला. दोन फळ्या बोटानं खरवडता येतील इतक्या कुजलेल्या. आतल्या बरगड्यांपैकी चार मोडलेल्या. डोलकाठीला लांब तडा. त्याला लोखंडी जहाजं कळत होती, लाकूड कळत नव्हतं. तिसऱ्या दिवशी भागवत मिस्त्री न बोलावता आले. चौऱ्याहत्तर वर्षांचे, कानावर पेन्सिल, डाव्या अंगठ्याला मळकी पट्टी. ते होडीभोवती दोनदा फिरले. लाकूड तासायच्या वाकसाच्या दांड्यानं एकेका फळीवर टकटक करून कान लावला. मग म्हणाले, "हाडं चांगले हायेत हिचे. कातडं गेलं दोन ठिकानी."

"तुम्ही कराल काका?"

"होडी म्या जन्मात पाह्यली नाही. आज पाह्यली." थोडं थांबून ते म्हणाले, "वाकडं लाकूड मात्र लय पाह्यलं."

त्या अंगठ्यावरून घरात वाद चालू होता, हे देवानंदला नंतर कळलं. मिस्त्रींचा मुलगा गणेश शेगावला लॉजच्या अॅल्युमिनियम खिडक्या बसवायचा. वडिलांचा अंगठा करवतीखाली आल्यापासून तो मागे लागला होता, की आता कारखाना बंद करा, हत्यारं काढून टाका आणि शेगावला येऊन राहा. मिस्त्रींचा कारखाना म्हणजे घरामागची टिनाची शेड. सोळाव्या वर्षापासून ते तिथं बसत आले होते. शेवटी बापलेकात ठरलं: हे होडीचं काम शेवटचं. जमलं, तर मिस्त्री आहेत तिथंच राहतील. फसलं, तर गणेश टेम्पो घेऊन येईल आणि मिस्त्री मुकाट्यानं हत्यारं भरतील.

"आपल्याच तोंडानं कबूल करून बसले," मिस्त्रींच्या बायकोनं, गोजरबाईनं, देवानंदला सांगितलं. "म्या म्हनलं, होडी तं होडी, पोहाले तरी येते का तुमाले?"

काम हिवाळाभर चाललं. मिस्त्री सकाळी सात वाजता यायचे. येताना स्वतःचा पाट आणायचे आणि जाताना घेऊन जायचे. बाभळीच्या वाकड्या फांद्या निवडून त्यांनी बरगड्या तासल्या. सागाच्या फळ्या वाफेवर मऊ करायला पंगतीचा भात शिजवायची मोठी गंजी मागून आणली. मधेच काम थांबवून ते पाच-पाच मिनिटं नुसते बघत बसायचे. त्या वेळी कोणी बोललं की त्यांना राग यायचा. चहा मात्र त्यांना बशीतच लागायचा. सारिकानं एकदा कप दिला, तर त्यांनी तो तिथंच थंड होऊ दिला.

दोन फळ्यांमधल्या फटीत कापसाचा पीळ ठोकून बसवायचा असतो, हे डॉक्टरांनी फोनवर सांगितलं होतं. कापूस म्हटल्यावर गोजरबाई पुढं सरकल्या. देवापुढं लावायच्या वाती त्या जन्मभर वळत आल्या होत्या. आता त्यांनी मांडीवर हातभर, दोन हातभर लांब वाती वळायला घेतल्या. सारिकाही शिकली. मिस्त्री त्या वाती फटीत बसवायचे, पण हलक्या हातानं, जेमतेम टेकतील इतक्याच. वरून जवसाचं तेल आणि खडूची भुकटी मळून केलेली लांबी लिंपायचे.

एप्रिल लागला आणि ऊन पेटलं. देवानंदच्या अंगणातल्या पत्र्याखाली टिटवी सुकत गेली. एका सकाळी देवानंदनं पाहिलं, तर भरलेल्या प्रत्येक फटीच्या कडेनं उजेड दिसत होता. खोलीत बसलं की बाहेरचा निंब दिसायचा.

"काका, हे तर चाळणी झालं!"

"होऊ दे."

"अजून कापूस ठोकू. नाही तर कडक होणारं भरण येतं बाजारात, दगडासारखं."

"नाही." मिस्त्री पटाशी घासत होते. "त्याले फुगाले जागा पायजे. तू जागा भरून टाकशीन, तं ते कुठं जाईन?"

देवानंदला ते पटलं नाही. दोन दिवसांनी मिस्त्री लग्नाला गेले असताना त्यानं डबा आणला आणि डाव्या अंगाच्या फटी तीन हात लांब भरून टाकल्या. परत आल्यावर मिस्त्रींनी त्यावर नख ओढून पाहिलं.

"काढ," ते म्हणाले.

"काका, पण..."

"काढ. मी बसतो इथं."

देवानंद दुपारभर स्क्रूड्रायव्हर घेऊन आपलंच काम खरवडत बसला. मिस्त्री समोर पाटावर बसून राहिले. ना ओरडले, ना मदतीला उठले. संध्याकाळी बशीत चहा ओतून त्यांनी ती बशी आधी देवानंदपुढं सरकवली.

गावाच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी तलाव आहे. पावसाळ्यात उताराचा रस्ता पाण्याखाली जातो, म्हणून टिटवीला मे महिन्यातच उतरवायचं होतं. देवानंदनं परवानगी काढून ठेवली होती. रविवारी सकाळी ट्रॅक्टरनं ट्रॉली मागे मागे पाण्यात नेली. मिस्त्रींनी स्वतः जागा दाखवली होती: छातीभर पाणी, खाली सपाट गाळ. गणेश शेगावहून आला होता. त्याचा रिकामा टेम्पो बांधावर उभा होता आणि मिस्त्रींनी त्या टेम्पोकडं एकदाही पाहिलं नाही.

टिटवी तरंगली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग आतून बारीक आवाज येऊ लागला, जमिनीवर पाणी शिंपडल्यासारखा. प्रत्येक फटीतून पाणी आत येत होतं. तासाभरात ती अंगाखालचा पंखा वर घेतलेल्या अवस्थेत गाळावर टेकली आणि पाणी आतल्या बाकापर्यंत चढलं.

"बुडाली बे, बुडाली!" बांधावर हशा पिकला. "आता मासे पाळा तिच्यात!"

देवानंदला डॉक्टरांचा चेहरा आठवला. तो पंपाकडं धावला, तर मिस्त्रींनी त्याचा दंड धरला.

"राहू दे. पिऊ दे तिले."

हे शब्द देवानंदनं आधी कुठंतरी ऐकले होते. त्यानं मिस्त्रींकडं पाहिलं आणि त्याला पूल आठवला, नाला, चाकावरचे दगड, काठावर बसलेले बाबा.

"चाकासारखं?" त्यानं विचारलं.

"हाव."

गणेश जवळ आला. आवाज चढवून नव्हे, अवघडून म्हणाला, "बाबा, ठरलं होतं आपलं."

"बुधवारपर्यंत थांब," मिस्त्री म्हणाले. "टेम्पो घरी लाव. मायच्या हातचं जेव."

सोमवारी त्यांनी डिझेल पंपानं पाणी उपसलं. होडी वर आली आणि दोन तासांत पुन्हा भरली. मिस्त्रींनी आतल्या फळीवर पेन्सिलीनं पाण्याची रेघ मारली. त्या दिवशी दुपारी देवानंद आणि मिस्त्री काठावरच्या पळसाखाली बसले होते. मिस्त्री अंगठ्यावरची पट्टी सोडत होते आणि पुन्हा गुंडाळत होते.

"देवा," ते म्हणाले, "चाकं म्या शेकड्यानं बुडवले. होडी पयलीच हाये."

इतके महिने देवानंद या माणसाच्या खात्रीवर झोपत आला होता. त्यानं डब्यातली भाकर मोडून निम्मी त्यांच्या हातात दिली.

मंगळवारी पुन्हा उपसलं. या वेळी पाणी पहिल्या रेघेपर्यंत यायला संध्याकाळ झाली. मिस्त्री छातीएवढ्या पाण्यात उतरून होडीच्या अंगावरून हात फिरवत होते, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. फटी मिटत आल्या होत्या. कापसाचा पीळ दोन्ही फळ्यांनी घट्ट धरला होता आणि जास्तीची लांबी कडेनं बाहेर आली होती.

बुधवारी सकाळी सगळे हजर होते. गोजरबाईही आल्या, पदर खोचून. आदल्या संध्याकाळी उपसून ठेवलेली टिटवी रात्रभर तरंगत राहिली होती. गोजरबाईंनी काठाशी ओढलेल्या होडीत वाकून तळाशी हात घातला, कणीक बघावी तसा तळवा फिरवला आणि वर केला.

"कोरडी हाये," त्या म्हणाल्या. मग मोठ्यानं, बांधावरच्यांना ऐकू जाईल असं, "कोरडी हाये, पाह्य!"

देवानंद तिथंच गाळात बसला. त्याला हसू येत होतं की रडू, हे त्यालाच कळेना. सारिकानं बांधावरून हाक मारली, "अहो, पॅन्ट!" पण ती स्वतःही डोळे पुसत होती.

डाव्या अंगाला एका जागी मात्र फटीवर एखादा थेंब जमत होता. मिस्त्रींनी तिथं नख घातलं. कडक भरणाचा बोटभर तुकडा खरवडायचा राहून गेला होता. त्यांनी देवानंदकडं पाहिलं.

"तुही सही हाये ती," ते म्हणाले.

गणेश मागे उभा होता. त्यानं चपला काढल्या, पाण्यात उतरून फळीवर बोट ओढलं, मग वडिलांचा अंगठा हातात घेऊन उलटापालटा करून पाहिला. "पट्टी तरी साफ बांधत जा ना, बाबा," तो म्हणाला. त्याचा चेहरा एकदम सैल झाला होता. "मले तुमची शेगावची खोली लावाचं टेन्शनच व्हतं. चार दिवसांत तुमी माह्या साऱ्या खिडक्या उसवल्या असत्या."

"अॅल्युमिनियमच्या? त्याले हात कोन लावते," मिस्त्री म्हणाले.

टेम्पो रिकामाच परत गेला. पुढल्या रविवारी तो आला तेव्हा त्यात धार लावायचा नवा दगड होता आणि गुंडाळीभर पांढरी पट्टी.

पावसाळाभर टिटवी तलावात राहिली. दिवाळीनंतर ओल्या गोणपाटात गुंडाळून तिला ट्रकनं किनाऱ्यावर नेलं. डॉक्टरांना खुर्चीत बसवून धक्क्यावर आणलं होतं. त्यांनी शीड वर चढताना पाहिलं आणि विचारलं, "सुतार कोण?" देवानंदनं नाव सांगितलं. मिस्त्री आले नव्हते. त्यांना त्या दिवशी एका दाराची चौकट बसवायची होती.

भागवत मिस्त्री आता सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. सकाळी सात ते दहा शेडमध्ये काम करतात, दुपारी झोपतात. समुद्र त्यांनी अजून पाहिलेला नाही.