एक कमी

कुबरानं अल-जिनैनात तीस वर्षं बाळंतपणं केली आणि एक नियम कधी मोडला नाही. घरात पोरं किती, असं परक्यानं विचारलं की एक कमी सांगायचं. सगळ्यात धाकटं मोजायचंच नाही. मोजलेल्या पोराला नजर लागते, हे तिच्या मुलखात कुणाला शिकवावं लागत नाही.

लढाई पेटल्यावर सरहद्द ओलांडून ती आद्रेच्या छावणीत आली तेव्हा चाडच्या सरकारी टेबलावर दौसा नावाच्या कारकुनानं विचारलं, "नातवंडं किती?" तिनं बेधडक सांगितलं, "चार." पाचवी, दहा महिन्यांची तुमादिर, अंगभर लपेटलेल्या तोबच्या आत पाठीला बांधलेली होती. रेशनच्या कार्डावर चार चढली.

सवय हे त्याचं अर्धंच कारण. वाटेत नाक्यावर बंदूकवाल्यांनी विचारलं होतं, गाडीत पुरुष किती? भाबड्या सुनेनं खरं सांगून टाकलं, दोन. दोघांनाही उतरवून नेलं. दोघंही कुबराचे मुलगे. सून आद्रेला पोचली आणि आठवड्याभरात तापानं गेली. शेवटपर्यंत "दोन, दोन" असंच बरळत होती.

चार महिने निभावलं. चौघांच्या ज्वारीत पाचवी भागवायला आजीनं एक वेळचं जेवण सोडलं की झालं. पण आता छावणीच उठणार होती. ट्रक सगळ्यांना सरहद्दीपासून आत, दूरच्या छावणीत नेणार होते. तिथं दवाखाना होता. इथलं पाणी आणि धान्य शुक्रवारपासून बंद. आणि ट्रकमध्ये फक्त कार्डावरची माणसं.

"तोबमध्ये लपवून नेते," ती थोरल्या नातीला, सुआदला म्हणाली.

"आणि रडली तर?"

"रडायला अंगात जीव कुठाय तिच्या? दोन दिवस तापानं फणफणलीय." बोलून गेली आणि तिचं तिलाच कसंतरी झालं.

ट्रकपाशी दौसा डोकी मोजत होता. शेजारी मदत संस्थेची निळ्या जाकिटातली बाई उभी होती. "चार पोरं, एक मावशी. चढा." चौघं चढली. कुबरानं फळीवर पाय ठेवला आणि तुमादिर खोकली.

"मावशी, पाठीवर काय आहे?"

"बोचकं."

"बोचक्याला खोकला झालाय वाटतं." रांगेतल्या बायका हसल्या. दौसा हसला नाही. "कार्डावर नाही म्हणजे दुसऱ्या कुणाचं मूल. बेवारस पोरांच्या तंबूत द्यावं लागेल. नियम माझा नाही."

संस्थेच्या बाईनं हात पुढे केले. हात मायेचे होते, म्हणूनच कुबरानं तोबची गाठ घट्ट धरली.

"माझीच आहे. मुलाची मुलगी."

"मग त्या दिवशी..." दौसा बोलता बोलता थांबला. तोही याच भागातला. आवाज खाली आणत म्हणाला, "माझी आईसुद्धा एक कमीच सांगायची. पण आकडा मला मनानं बदलता येत नाही, मावशी. या बाईंसमोर तुम्हीच सांगायला हवा. नातवंडं किती?"

मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवत सुटला होता.

"आजी, मी सांगते," वरून सुआद म्हणाली.

"तू गप बस."

सुनेला त्या एका आकड्यानं कसं खाल्लं ते तिनं पाहिलं होतं. या पोरीच्या गळ्यात ते लोढणं नको. काय व्हायचं ते आपल्या जिभेनं होऊ दे.

"पाच," ती म्हणाली. सगळ्या रांगेला ऐकू गेलं.

दौसानं लिहिलं. संस्थेच्या बाईनं तुमादिरला तिथंच तापाचं औषध पाजलं आणि ट्रक हलला.

पोरीला मांडीवर घेऊन कुबरानं आपलं बोट तिच्या नाकाखाली धरलं होतं. बोटाला श्वास जाणवला की सुटल्यासारखं वाटायचं, खड्डा आला की पुन्हा बोट तिथंच. सकाळभर हेच चाललं.

दुपारी तुमादिरला घाम येऊन ताप उतरला. तिनं डोळे उघडले, ते बोट पकडलं, तोंडात घातलं आणि होत्या त्या दोन दातांनी कचकचून चावलं. रक्त आलं. कुबरानं बोट काढून घेतलं नाही.