गिटारीची मान

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही. आणि ज्या माणसाला सांगायला हवं होतं, त्याच्या शेजारी बसून मी पुढची बावीस वर्षं जेवलो — त्यालाही नाही. आज सांगतोय ते अंगात धाडस आलं म्हणून नव्हे. कधीतरी बोलता बोलता तोंडून निघून जाईल अशी धास्ती इतकी वर्षं बाळगली, की आता त्या धास्तीचाच कंटाळा आलाय.

तुम्ही म्हणाल, एवढं केलंस तरी काय? खून? दरोडा? नाही हो. एक गिटार मोडली. स्वस्तातली, लाल रंगाची, इलेक्ट्रिक. ऐकायला किती किरकोळ वाटतं ना? आणि तरी बघा, एवढ्या चार ओळी लिहायला तासभर लागला. मधेच दोनदा उठून पाणी पिऊन आलो.

आधी बाबांविषयी सांगतो. म्हणजे मुद्द्यावर यायला थोडा वेळही मिळेल — खोटं कशाला बोलू?

तेव्हा भिलाई मध्य प्रदेशात होती आणि आम्ही टाउनशिपमधल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा मूळचे भंडाऱ्याकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. प्लांटमध्ये फिटर होते. दोन यंत्रांचे शाफ्ट, म्हणजे फिरते दांडे, एका रेषेत आणायचे, हे त्यांचं काम. शिक्षण आठवी. पण हात असा, की कुठे काही अडलं की मोठे साहेब त्यांच्या नावाने माणूस पाठवायचे. घरी आले तरी सुटका नसे. गल्लीतली शिलाई मशीन, मिक्सर, कोणाच्या सायकलचं चाक, सगळं आमच्या व्हरांड्यात येऊन पडायचं. बाबा कोणाकडून काही घेत नसत. बोलत तर नसतच. त्यांना आयुष्यात एकाच गोष्टीची घमेंड होती, स्वतःच्या हाताची. आणि ती त्यांनी कधी बोलून दाखवली नाही, फक्त दुरुस्त झालेली वस्तू परत देताना ते किंचित हसायचे.

आता गिटार. मी पॉलिटेक्निकला होतो. आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात पोरांचा ऑर्केस्ट्रा ठरला. तो बसवणाऱ्या प्रमोददादाला मी छातीठोकपणे सांगून टाकलं, "गिटार माझ्याकडे." वाजवता यायची का मला? मित्राच्या साध्या गिटारीवर चार कॉर्ड यायचे, तेही दोन धड आणि दोन देवाच्या भरवशावर. पण समोर मुली बसल्या होत्या. एकदा बोललो ते बोललो.

मग रायपूरला गेलो आणि दुकानातली सगळ्यांत स्वस्त गिटार घेऊन आलो. कलकत्त्याची बनावट. बसमध्ये गुडघ्यांच्या मधे उभी धरली होती. कुम्हारीला चढलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "का हे बेटा, बंदूक?" मी ऐटीत हसलो. दुकानदाराने निघताना सांगितलं होतं, सेटिंग घर पे कर लेना. सेटिंग म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर अडाणी ठरलो असतो ना.

घरी आल्यावर कळलं. तारा मानेपासून इतक्या वर, की खालून करंगळी जाईल. दाबताना बोटं कापली जायची. दोन दिवस मी कुढत बसलो. कार्यक्रम आठवड्यावर आलेला. तिसऱ्या दिवशी बाबांनी न विचारताच चष्मा लावला.

"आण गा इकडं. पाहू दे का हाय ते."

त्यांनी मानेवर आपली पोलादी पट्टी ठेवली — सरळपणा तपासायची, त्यांची स्वतःची. मग फिलर गेज काढला, म्हणजे कागदाहून पातळ पात्यांचा तो जुडगा, जो फटीत सरकवून फट मोजतात. आयुष्यात गिटारीला हात न लावलेला माणूस, पण दहा मिनिटांत त्यांना सगळं उमजलं. "मान वाकली हाय इची. आतमंदी रॉड हाय, त्याले ताण द्या लागन." तारांच्या खुंट्यांपाशी एक छोटं झाकण होतं. ते उघडून त्यांनी पान्याने आतलं नट पाव फेरा फिरवलं आणि गिटार कापडात गुंडाळून ठेवली. "आज इतकंच. लाकूड हाय हे. बाकी उद्या."

मला घाई. त्यांना घाई नाही. दुसऱ्या दिवशी पाव फेरा, तिसऱ्या दिवशी त्याहून कमी. शेवटी पट्टीखाली सगळ्यांत पातळ पातंही शिरेना. त्यांनी आईला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं. "पाह्य वो, केसाइतकीबी फट नाई." तसे खूश झालेले बाबा मी फार थोड्या वेळा पाहिलेत.

आणि गिटार वाजवली, तर तारा मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर घासून झिणझिणायला लागल्या. एक सूर स्वच्छ निघेना. बाबांनी कपाळाला आठ्या घातल्या, तारा सैल केल्या, पुन्हा पोलादी पट्टी लावली, डोकं हलवलं. शाफ्ट बिनचूक सरळ झाला, मग यंत्र आवाज का करतंय? त्यांच्या हिशोबात हे बसतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांची पहिली पाळी होती. "मी येईस्तोवर हात नको लावू," एवढं सांगून ते झोपायला गेले.

कार्यक्रम परवावर आला होता.

आता इथे मला थांबावंसं वाटतंय. पण थांबलो तर पुन्हा लिहिणार नाही, मला माझा स्वभाव ठाऊक आहे.

सकाळी आई बाजारात गेली. मी घरात एकटा. मी झाकण उघडलं. मला वाटलं, मान अजून वाकलेलीच असणार, म्हणून तर तारा घासतायत. आणखी ताण दिला की झालं. पाना लावला, फिरेना. बाबांच्या हाताखाली नवीन आलेली पोरं पान्याच्या दांड्यावर पाइप चढवायची, म्हणजे लांब दांड्याने जोर वाढतो. बाबांना त्याचा भयंकर राग. पाइप चढवणाऱ्याला ते त्या दिवशी कामाला हात लावू देत नसत. हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. आणि मी काय केलं? मागच्या अंगणात नळाच्या पाइपचा तुकडा पडला होता, तो आणला. पान्यावर चढवला. दोन्ही हातांनी ओढलं.

कट् असा आवाज झाला. काडी मोडावी तसा, फार मोठा नाही. खुंट्यांच्या खाली, मागच्या बाजूला, केसासारखी चीर गेली होती.

पुढचं खरं सांगू? मला पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. आता वाजवायला नको. आता कोणाला कळणार नाही की मला येत नाही. क्षणभरच वाटलं, पण वाटलं. मग मात्र मी भराभर आवरायला घेतलं. नट आधी होतं तिथवर उलटं फिरवलं; तारा सैलच होत्या, ताण गेला तशी चीर दिसेनाशी झाली. झाकण बसवलं, स्क्रू पिळले. गिटार कापडात होती तशी, त्याच कोपऱ्यात ठेवली. पाइप कुंपणापलीकडे फेकला. हे सगळं मी इतकं नीट केलं, की तेवढ्या नीटपणे मी आयुष्यात दुसरं काही केलेलं आठवत नाही.

दुपारी बाबा आले ते जवळजवळ पळतच. सायकल स्टँडवर न लावता भिंतीला टेकवली. "समजलं गा मले! तार वाजते तवा पोट काढते. तिले हलाले जागा पायजे. मी शाफ्टवानी एकदम सरळ करून ठेवली, मायीच गलती. पाव फेरा उलटा, बस!"

म्हणजे त्यांना उत्तर सापडलं होतं. तिथे, पाळीवर, यंत्रांच्या गदारोळात ते माझ्या गिटारीचाच विचार करत होते. मी चार तास थांबलो असतो तर?

ते जेवायलाही बसले नाहीत. हात धुतले, पुसले, खाली बसले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. "बाबा, थांबा" — दोन शब्द. घशापर्यंत आले होते, शपथेवर सांगतो. पण शपथेला काय किंमत? बोललो नाही, हेच खरं. त्यांनी नट उलटं फिरवलं आणि तारा हळूहळू ताणायला घेतल्या. एक. दोन. तीन. पाचव्या तारेला मान फाटली आणि खुंट्यांचा अख्खा भाग त्यांच्या हातात दुमडून आला.

आणि तेव्हा मी ओरडलो. गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं हो! पण मी ओरडलो. "काय करून ठेवलं बाबा तुमी! कोनं सांगतलं होतं तुमाले हात लावाले?" एवढ्या जोरात, की शेजारच्या साहू काकी कुंपणाशी आल्या.

बाबा ते दोन तुकडे एकमेकांना जुळवून धरत राहिले. "ताण जास्त बसला वाटते काल," ते हळूच म्हणाले. "माया हातानं झालं."

दुसऱ्या दिवशी ते स्वतः मांडवात गेले आणि प्रमोददादासमोर, सगळ्या पोरांसमोर हात जोडून तेच म्हणाले. मी मागे उभा. सगळे मला म्हणाले, अरेरे, वडिलांनी तोडली? मी मान डोलावली. ऑर्केस्ट्रा माझ्याशिवाय छान झाला.

मग विश्वकर्मा पूजा आली. त्या दिवशी प्लांटमध्ये यंत्रांची पूजा होते. बाबा घरीही आपली पोलादी पट्टी आणि गेज पाटावर मांडून फूल वाहायचे. त्या वर्षी त्यांनी ती काढलीच नाहीत. आईने विचारलं तर "राहू दे" म्हणाले. साहू काकींनी शिलाई मशीन आणली तेव्हा मी घरातच होतो. बाबा व्हरांड्यात उभे राहून म्हणाले, "नहीं बहन, अब हाथ से गलती होती है. बाजार में दिखा लो." काकींनी माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तकात डोकं घातलं. हळूहळू आमचा व्हरांडा रिकामा झाला. वर्षभरात बाबांनी साहेबांना अर्ज दिला आणि टूल रूममध्ये बदली मागून घेतली. निवृत्त होईपर्यंत ते खिडकीत बसून दुसऱ्यांना पाने देत आणि मोजून परत घेत राहिले. ज्यांच्या नावाने माणूस यायचा, ते.

सांगायची संधी मिळाली नाही का? रोज मिळत होती. उलट मी ती गोष्ट वापरली. लग्न ठरल्यावर बायकोला मी काय सांगितलं, ठाऊक आहे? "माझ्या वडिलांनी माझी गिटार तोडली, नाहीतर मी संगीतात असतो." तिला फार वाईट वाटलं. आजही पाहुणे आले की ती हे कौतुकाने सांगते, आणि मी विनयाने हसतो.

बाबांचे शेवटचे महिने माझ्या नेहरू नगरच्या घरात गेले. एका दुपारी त्यांनी मला जवळ बसवलं. बोलताना दम लागत होता.

"एक गोष्ट मनावर हाय गा माह्या. तुयी ते गिटार. माया हातानं गेली. तू त्यात नाव केलं असतं. माफ कर मले."

घरात दुसरं कोणी नव्हतं. मी त्यांचा हात हातात घेतला. तो हात कधीच चुकला नव्हता, हे जगात फक्त मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "जाऊ द्या बाबा. मी केव्हाच माफ केलं तुमाले."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि डोळे मिटून पडून राहिले.